मे-जूनमध्ये हिमालयातली राष्ट्रीय उद्याने: सहलीची आखणी कोणत्या क्रमाने करायची

हिमालयात जायचे ठरले की बहुतेक जण आधी रेल्वेचे तिकीट काढतात, मग हॉटेल ठरवतात आणि उद्यान त्या तारखेला उघडे असते का, हे सगळ्यात शेवटी विचारतात. मग मेच्या तिसऱ्या आठवड्यात ‘फुलांची दरी’ बघायला निघालेल्या मंडळींना जोशीमठात कळते, की उद्यान १ जूनला उघडते. परतीचे तिकीट असते २६ मेचे.

क्रम उलटा हवा. आधी महिना आणि उंची, मग उद्यान, मग दिवसांचा हिशोब, मग परवाने आणि अगदी शेवटी तिकिटे. पुढचे टप्पे याच क्रमाने दिले आहेत.

## टप्पा १: महिना आणि उंची जुळवून घ्या

आपल्याकडे मे म्हणजे उन्हाळ्याचा शेवट. हिमालयात ३,००० मीटरच्या वर मात्र तेव्हा उन्हाळा जेमतेम सुरू झालेला असतो. हवामानाचा ढोबळ हिशोब असा, की दर १,००० मीटर चढल्यावर तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते. ऋषिकेशला दुपारी ३८ अंश असतील तर त्याच वेळी ३,८०० मीटरवर १५ अंशांच्या आसपास, आणि रात्री शून्याच्या जवळ किंवा खाली.

बर्फाचे गणित वेगळे आहे. तो कॅलेंडर बघून वितळत नाही. हिवाळ्यात किती पडला आणि उतार कोणत्या दिशेला आहे, यावर सगळे ठरते. उत्तरेकडे तोंड असलेल्या घळीत जूनच्या मध्यापर्यंत बर्फ टिकतो, तर समोरच्याच दक्षिण उतारावर मेमध्ये गवत उगवलेले दिसते. ढोबळ मानाने असे धरा:

- २,५०० मीटरपर्यंत: एप्रिलअखेरीस वाटा मोकळ्या.
- २,५०० ते ३,५०० मीटर: मेमध्ये घळींत बर्फाचे पट्टे, बाकी वाट मोकळी.
- ३,५०० मीटरच्या वर: मेअखेरपर्यंत सलग बर्फ लागू शकतो. जूनमध्ये पट्टे.

दुसरी मर्यादा पावसाची. सिक्कीम आणि दार्जिलिंगकडे मोसमी पाऊस जूनच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास पोहोचतो, उत्तराखंड आणि हिमाचलात साधारण जूनच्या शेवटच्या दहा दिवसांत. म्हणून पूर्व हिमालयाची सहल मेअखेरीस संपवा आणि पश्चिमेकडची २० जूनच्या आत. या तारखेवरही फार विसंबू नका. २०१३ मध्ये पाऊस लवकर आला आणि केदारनाथची आपत्ती १६-१७ जूनलाच घडली. जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यातली आखणी करताना हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज रोज बघायचा आणि लाल किंवा नारिंगी इशारा असेल तर जिथे आहात तिथेच थांबायचे.

तपासा: तुमच्या तारखा आणि ज्या सर्वात उंच जागी झोपणार ती उंची, दोन्ही एका कागदावर लिहा. जागा ३,५०० मीटरच्या वर आणि तारीख २० मेच्या आधीची असेल तर एक तर तारीख पुढे ढकला, नाही तर खालची जागा निवडा.

## टप्पा २: उद्यान निवडा

‘हिमालयातले राष्ट्रीय उद्यान’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या जागा येतात. या दिवसांत जाण्याजोगी मुख्य उद्याने आणि त्यांच्या अटी अशा.

ग्रेट हिमालयन राष्ट्रीय उद्यान, कुल्लू. पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी मेमध्ये याच्याइतकी चांगली जागा नाही. चंदीगड-मनाली रस्त्यावरच्या औटहून बंजार आणि पुढे तीर्थन खोऱ्यातले गुशैणी. गुशैणी साधारण १,६०० मीटरवर आहे, त्यामुळे विरळ हवेचा त्रास सुरुवातीला होत नाही. गावे, होमस्टे, नदीकाठच्या वाटा हा उद्यानाभोवतीचा ‘इकोझोन’. तिथे फिरायला परवाना लागत नाही. गाभ्यात शिरायचे तर वन विभागाचा परवाना हवा आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यावा. पहिला मुक्काम रोला इथे, साधारण २,१०० मीटरवर. हौस आणि ताकद असेल तर पुढे शिल्ट, सुमारे ३,१०० मीटर. आत दुकान नाही, चहाची टपरी नाही. धान्य, रॉकेल, तंबू सगळे पाठीवर किंवा हमालाकडून न्यावे लागते.

गंगोत्री राष्ट्रीय उद्यान, उत्तरकाशी. १ एप्रिल ते ३० नोव्हेंबर उघडे. गोमुखच्या वाटेवर दिवसाला १५० जणांनाच सोडतात, आणि मे-जूनमध्ये ही संख्या लवकर भरते. वाट अशी: गंगोत्री (सुमारे ३,१०० मीटर), ९ किलोमीटरवर चिरबासा, १४ वर भोजबासा (सुमारे ३,८००), १८ वर गोमुख.

व्हॅली ऑफ फ्लॉवर्स म्हणजेच फुलांची दरी, चमोली. १ जून ते ३१ ऑक्टोबर. फुलांचा भर जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत असतो, म्हणजे ऐन पावसात. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात तिथे जाणाऱ्याला वाटेत गोठलेले ओढे, पुष्पावती नदीच्या काठचा बर्फ, नुकते उगवू लागलेले गवत आणि तुरळक फुले दिसतात. दृश्य सुंदर असते, पण छायाचित्रांतला गालिचा शोधायला गेलात तर निराश व्हाल. दरीत मुक्कामाला परवानगी नाही. दरीखालच्या घांघरिया गावात राहायचे, सकाळी जायचे, उजेडात परत यायचे.

सिंगालिला राष्ट्रीय उद्यान, दार्जिलिंग. १६ जून ते १५ सप्टेंबर बंद. गुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, एप्रिलमध्ये आणि मेच्या सुरुवातीला फुलतो. मानेभंज्यांगहून संदकफू (३,६३६ मीटर) पर्यंतची वाट भारत-नेपाळ सीमेवरून जाते, म्हणून मूळ ओळखपत्र प्रत्येकाच्या खिशात हवे. मेमध्ये इथे दुपारी ढग चढतात. कांचनजंगा बघायची तर पहाटे पाचला उठायचे.

पिन व्हॅली राष्ट्रीय उद्यान, स्पिती. मनालीकडून जाणारा कुंझुम घाट बहुधा मेअखेरीस किंवा जूनमध्ये मोकळा होतो. त्याआधी जायचे तर शिमला-किन्नौरकडून जा. उशीर लागतो, पण उंची हळूहळू वाढते आणि शरीराला तेच मानवते.

सावधान: एका सहलीत दोन उद्याने कोंबू नका. गोमुख आणि फुलांची दरी नकाशावर शेजारी दिसतात. प्रत्यक्षात एकाकडून दुसरीकडे जायला डोंगरातले दोन पूर्ण दिवस मोडतात.

## टप्पा ३: दिवस मोजा, आणि दोन जादा ठेवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. कारण लोक किलोमीटर मोजतात आणि सपाट रस्त्याचा वेग धरतात. डोंगरात ताशी २० ते २५ किलोमीटर हीच सरासरी धरा. त्यात दरड, रस्त्याचे काम आणि यात्रेच्या दिवसांतली कोंडी आली. ऋषिकेशहून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर. पहाटे निघालात तर संध्याकाळी पोहोचाल. नऊला न्याहारी करून निघालात तर वाटेतच कुठे तरी मुक्काम करावा लागेल, कारण रात्री डोंगरातल्या रस्त्यांवर वाहने सोडत नाहीत.

चालण्याचा हिशोब: सपाटीवर तासाला ३ किलोमीटर, आणि दर ३०० मीटर चढाला त्यात एक तास मिळवा. मुले किंवा साठीच्या पुढची माणसे असतील तर वर तिसरा हिस्सा आणखी.

उंचीचा हिशोब: ३,००० मीटरच्या वर झोपण्याची जागा एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त उंच नेऊ नये, आणि तीन-चार दिवसांतून एकदा त्याच उंचीवर दुसरी रात्र काढावी. दिवसा वर जाऊन खाली येऊन झोपलात तर चालते. धोका झोपेच्या उंचीचा असतो.

राखीव दिवसाचा हिशोब: दर चार-पाच दिवसांमागे एक मोकळा दिवस. तो शेवटी ठेवा. मध्ये ठेवलात तर ‘आज काहीच नाही’ म्हणून कोणी तरी तो कुठल्या तरी देवळासाठी वापरून टाकतो.

गोमुखची आखणी या तिन्ही हिशोबांवर घासून बघू.

- दिवस १: ऋषिकेश ते उत्तरकाशी, सुमारे १,१५० मीटर.
- दिवस २: उत्तरकाशी ते हर्षिल, सुमारे २,६०० मीटर. दुपारनंतर गावात चालणे.
- दिवस ३: हर्षिल ते गंगोत्री, सुमारे ३,१०० मीटर. अंतर २५ किलोमीटर, म्हणून दुपार मोकळी.
- दिवस ४: गंगोत्रीतच दुसरी रात्र. सकाळी गोमुखच्या वाटेवर दोन-तीन तास चढून परत. परवाना आणि ओळखपत्रांची तपासणी.
- दिवस ५: भोजबासा, १४ किलोमीटर. पहाटे सहाला निघणे.
- दिवस ६: भोजबासा ते गोमुख आणि थेट परत गंगोत्री, एकूण २२ किलोमीटर, शेवटचा १८ किलोमीटरचा भाग उताराचा. दमणारे कोणी असेल तर भोजबासात दुसरी रात्र.
- दिवस ७: उत्तरकाशी.
- दिवस ८: ऋषिकेश.
- दिवस ९ आणि १०: राखीव.

गंगोत्रीहून भोजबासा ही ७०० मीटरची उडी आहे, नियमापेक्षा जास्त. म्हणूनच चौथा दिवस काढता येत नाही. बाजारात मिळणाऱ्या सहा दिवसांच्या आखण्यांत नेमका तोच दिवस गाळलेला असतो, आणि भोजबासात रात्री डोके धरून बसणारे बहुतेक जण त्याच आखणीने आलेले असतात.

आणखी एक. ५ ऑगस्ट २०२५ च्या पुराने हर्षिलजवळच्या धरालीचा मोठा भाग गाडला गेला. हॉटेलांच्या जुन्या यादीतल्या फोन क्रमांकांवर विसंबू नका. मुक्कामाची जागा चालू आहे का आणि रस्ता कसा आहे, हे निघण्याआधी फोन करून विचारा.

## टप्पा ४: परवाने, मग तिकिटे

१. उद्यानाचा परवाना कोण देते, ऑनलाइन मिळतो की कार्यालयात जाऊन घ्यावा लागतो, हे त्या राज्याच्या वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर बघा आणि कार्यालयात फोन करून खात्री करा. नियम दरवर्षी थोडे बदलतात. मित्राने २०२२ मध्ये काढलेला परवाना हा पुरावा नव्हे.

२. गंगोत्रीला जाणाऱ्यांनी उत्तराखंड सरकारच्या पोर्टलवर चारधाम यात्रेची नोंदणी करावी, दर्शन घ्यायचे असो वा नसो. वाटेतल्या नाक्यांवर ती विचारतात. नोंदणी विनामूल्य आहे. ‘पैसे भरा, लगेच करून देतो’ असे सांगणारे दुवे खोटे असतात.

३. परवाना किंवा त्याची तारीख हाती आली की मुक्काम ठरवा. भोजबासा आणि घांघरियासारख्या ठिकाणी खाटा मोजक्या आहेत.

४. आता रेल्वे. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. मेच्या गाड्या उघडल्या दिवशीच भरतात, तेव्हा वरची तीन कामे त्याआधीच्या महिन्यात उरकलेली हवीत. जाण्याचे तिकीट एका दिवशी उघडते, परतीचे आठ-दहा दिवसांनी. दोन्ही तारखांचा गजर फोनवर लावा.

५. कागद: मूळ ओळखपत्र, दोन छायाप्रती, पासपोर्ट आकाराचे चार फोटो, परवान्याची छापील प्रत. गोमुखसाठी डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखलाही जवळ ठेवा. सगळ्यांचे कागद एकाच पिशवीत नकोत. ती पिशवी घेऊन एक जण पुढच्या गाडीत गेला की बाकीचे नाक्यावर अडकतात.

जम्मू-काश्मीर किंवा लडाखकडे जाणार असाल तर बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड चालते. पैसे रोख न्या. जोशीमठ, उत्तरकाशी, बंजार यांच्या पुढे एटीएमच्या भरवशावर राहू नका.

तपासा: सहल रद्द झाली तर कोणाचे किती पैसे बुडतील, हे सगळ्यांसमोर एकदा बोलून घ्या. वाटेत परत फिरायची वेळ येते तेव्हा ‘इतके पैसे भरलेत’ हेच वाक्य लोकांना पुढे ढकलते.

## टप्पा ५: सहा आठवड्यांची तयारी

रोज तासभर सपाटीवर चालणे ही तयारी नव्हे. चढाला मांडी आणि दम लागतो, उताराला गुडघे. जिने चढा-उतरा, आणि उतरणे टाळू नका. लिफ्टने खाली येणाऱ्यांचे गुडघे तिसऱ्या दिवशी बोलू लागतात.

पहिले दोन आठवडे आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास जिना. तिसऱ्या आठवड्यापासून पाठीवर ४ किलो, पाचव्यापासून ६ ते ७ किलो. आठवड्यातून एकदा चार-पाच तासांची टेकडी किंवा किल्ला. निघण्याच्या दहा दिवस आधी एक परीक्षा घ्या: पाठीवर ६ किलो घेऊन एका दिवसात ६०० मीटर चढायचे आणि उतरायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीसारखे चालता आले तर तुम्ही तयार आहात. नाही आले तर खालचे उद्यान निवडा, त्यात कमीपणा नाही.

उत्तम दम असणाऱ्यालाही विरळ हवा लागू शकते. व्यायामाने पाय तयार होतात, रक्त तयार होत नाही. त्याला वरचे दिवसच लागतात. रक्तदाब, हृदयविकार, दमा, मधुमेह असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना मुक्कामाची नेमकी उंची सांगून विचारावे. नुसते ‘उत्तराखंडला चाललोय’ एवढे सांगून भागत नाही.

## टप्पा ६: सामान

मुख्य तत्त्व थरांचे. आत घाम ओढून घेणारा सिंथेटिक किंवा लोकरीचा थर, त्यावर फ्लीस किंवा स्वेटर, त्यावर जाड जाकीट, आणि वरून वारा-पाऊस अडवणारे कवच. सुती बनियन आणि जीन्स घरी ठेवा. सुती कापड भिजले की वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेते. मेमध्ये दुपारी चारला गारांचा मारा झाल्यावर १० अंशांतही माणूस थरथर कापू लागतो, ते यामुळेच.

बूट. घोट्याच्या वर येणारे, खोल नक्षीच्या तळाचे, एक क्रमांक मोठे. उतारावर अंगठा पुढे आपटतो. जागा नसेल तर नख काळे पडते. नवे बूट किमान ५० किलोमीटर चालून मऊ करा. नखे निघण्याच्या तीन दिवस आधी कापा, आदल्या रात्री नव्हे.

डोळे. यूव्ही-४०० चा शिक्का असलेला, कडेने बंद चष्मा. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परावर्तित करतो. बर्फाने डोळे आले तर त्रास संध्याकाळी सुरू होतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे वाटते आणि दुसरा दिवस अंधारात काढावा लागतो. सनस्क्रीन नाकाखाली आणि हनुवटीखालीही लावा. ऊन खालूनही येते.

बर्फासाठी. वाटेत बर्फ लागणार असेल तर मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर चढवायचे धातूचे काटे, आणि गेटर, म्हणजे बुटात बर्फ शिरू नये म्हणून गुडघ्याखाली बांधायचे आवरण. दोन काठ्या. घरी एकदा अंधारात, हातमोजे घालून मायक्रोस्पाइक चढवून बघा. कोणता पट्टा कुठे जातो, हे उतारावर एका पायावर उभे राहून शिकायचे नसते.

बाकी: डोक्याला बांधायची विजेरी, दोन लिटर पाण्याची सोय, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या, ओआरएस, पॅरासिटामॉल, चिकटपट्टी, शिट्टी, कानटोपी, दोन जोड हातमोजे. पॉवर बँक विमानात हातातल्या सामानातच चालते. थंडीत बॅटरी लवकर मान टाकते, रात्री फोन आणि पॉवर बँक पांघरुणात घेऊन झोपा.

तपासा: पाठीवरच्या पिशवीचे वजन शरीराच्या वजनाच्या सहाव्या हिश्शाहून जास्त भरले तर पिशवी पुन्हा उघडा.

## टप्पा ७: पोहोचल्यावरचे पहिले तीन दिवस

साधारण २,५०० मीटरपासून विरळ हवेचा त्रास होऊ शकतो. ३,५०० मीटरवर एका श्वासात मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे ६५ टक्के असतो.

डोकेदुखी, आणि तिच्यासोबत मळमळ, थकवा, चक्कर यांपैकी काहीही एक, हा सौम्य त्रास धरा. ‘उन्हाने झाले असेल’, ‘काल जेवण जड झाले’ अशी कारणे शोधू नका. उपाय एकच: आणखी वर न जाणे. पाणी, विश्रांती, पॅरासिटामॉल. चोवीस तासांत बरे वाटले तर पुढे, वाढले तर खाली.

तातडीने खाली आणायची लक्षणे दोन प्रकारची. छातीची: बसल्या जागी धाप, थांबत नसलेला खोकला, ओठ निळसर. डोक्याची: असंबद्ध बोलणे, तोल जाणे. तोल बघायची सोपी रीत म्हणजे जमिनीवर एक रेघ ओढा आणि एका पायाच्या अंगठ्याला दुसऱ्याची टाच लावत दहा पावले चालायला सांगा. पाऊल बाजूला पडले तर सकाळची वाट बघू नका, आत्ता, अंधारात, सोबत घेऊन किमान ५०० ते १,००० मीटर खाली उतरा.

ॲसिटॅझोलामाइड हे औषध प्रतिबंधासाठी वापरतात, साधारणपणे १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून. ते डॉक्टरांना विचारूनच घ्या. सल्फाची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. औषध घेतले म्हणून दिवस कमी करता येत नाहीत.

कापूर हुंगल्याने रक्तातला प्राणवायू वाढत नाही. डब्यातला ऑक्सिजन काही मिनिटांचा असतो, उतरण्याला तो पर्याय नाही. बोटाला लावायचे ऑक्सिमीटर गार बोटावर चुकीचा आकडा दाखवते, आधी हात चोळून ऊबदार करा. दारू आणि झोपेच्या गोळ्या पहिल्या तीन रात्री पूर्ण बंद.

सावधान: गोविंदघाटहून घांघरियाला हेलिकॉप्टरने गेलात तर काही मिनिटांत बाराशे मीटर वर पोहोचता. त्याच दिवशी आणखी उंचावरच्या हेमकुंड या तीर्थस्थानाकडे निघू नका.

## टप्पा ८: वाटेवर

घड्याळ. पहाटे निघा, दुपारी दोनपर्यंत मुक्कामी पोहोचा. या दिवसांत सकाळ निरभ्र असते, अकराच्या सुमारास कापसासारखे ढग दिसू लागतात आणि तीन-चारला वीज, गारा. परतीची वेळ सकाळीच ठरवा. बारा म्हणजे बारा, शिखर शंभर पावलांवर असले तरी.

बर्फाचा पट्टा. पहाटे तो काचेसारखा कडक असतो, पाय घसरतो. दुपारी मऊ होतो, पाय मांडीपर्यंत रुततो. ओलांडायला सकाळी उशिराची वेळ बरी, वरचा थर थोडा मऊ झालेला असतो. आधी खाली बघा: घसरलो तर कुठे थांबू? उतार खडकांत किंवा ओढ्यात संपत असेल आणि मायक्रोस्पाइक नसतील तर परत फिरा. पाऊल आपटून कड खणा, वजन टाका, मग दुसरे पाऊल. एका वेळी एकच जण.

ओढ्यावरचा बर्फाचा पूल हा वेगळा धोका. वरून तो पक्का दिसतो, आतून पाण्याने पोखरलेला असतो. थांबा आणि ऐका. पावलांखालून पाण्याचा आवाज येत असेल, मध्यभाग खचल्यासारखा किंवा करडा दिसत असेल, कडेला भेग असेल तर त्यावर जायचे नाही. बर्फातून डोके वर काढलेल्या मोठ्या खडकापासूनही हातभर दूर राहा. ऊन लागून खडक तापतो आणि त्याच्याभोवती आत पोकळी होते.

ओढे. दिवसभर वितळलेले पाणी दुपारनंतर खाली पोहोचते. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी गुडघ्याच्या वर जातो. ओलांडायचा तर सकाळी, जिथे पात्र रुंद तिथे, तोंड प्रवाहाकडे करून, पिशवीचा कमरपट्टा सोडून. पाणी गुडघ्याच्या वर आणि वेगात असेल तर ओलांडू नका.

दगड. चिरबासा ते भोजबासा या भागात वरून दगड येतात, वारा सुटल्यावर जास्त. तिथे फोटोला थांबू नका. गोमुखाशी हिमनदीच्या तोंडाजवळ जाऊ नका. बर्फाचे ढलपे पूर्वसूचना न देता कोसळतात.

वीज. चमकणे आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर कडा, एकटे झाड आणि उघडे कुरण सोडून खाली उतरा. काठ्या बाजूला ठेवा, एकमेकांपासून दहा-पंधरा मीटर अंतरावर बसा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

अस्वल. काळे अस्वल या जंगलांत आहे. खाणे तंबूत ठेवू नका, पहाटे आणि संध्याकाळी दाट झाडीत बोलत चला. दिसले तर पळू नका, नजर न रोखता हळूहळू मागे सरका.

कचरा सगळा परत आणायचा, संत्र्याची सालेही. थंडीत ती महिनोन् महिने कुजत नाहीत. प्रत्येकाच्या पिशवीत एक जाड प्लास्टिकची पिशवी यासाठी वेगळी ठेवा.

## टप्पा ९: उतरण्याचा दिवस

पाय मुरगळण्याचे प्रसंग मुख्यतः उतारावर, शेवटच्या दोन तासांत येतात, कारण लक्ष गाडीकडे लागलेले असते. उतरण्याआधी बुटाची नाडी घोट्याशी पुन्हा घट्ट बांधा, काठ्या १० सेंटीमीटरने लांब करा, तासातासाला थांबून खा. सर्वात हळू चालणारा पुढे आणि वाट माहीत असलेला शेवटी.

उद्यानाच्या नाक्यावर बाहेर पडल्याची नोंद करायला विसरू नका. नोंद राहिली तर तुम्ही आतच आहात असे धरून माणसे शोधायला निघतात. राखीव दिवस उरला असेल तर तो खालच्या गावात काढा, ऋषिकेशच्या उन्हात नव्हे. मात्र दरडीची बातमी कानावर आली तर त्याच दिवशी निघून रेल्वे स्थानकाच्या गावी पोहोचा.